पेपर म्हणजे नेमका कुठला पेपर?

"पेपर आला का?"

आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या घरात सकाळी हा प्रश्न कुणी विचारला की दोन माणसं दोन दिशांना बघायची. सासरे दाराकडे, कारण पेपरवाल्या मुलाने कडीत पेपर अडकवला की नाही ही त्यांची दिवसातली पहिली चिंता. आणि माझा मुलगा, तेव्हा आठवीत, दप्तराकडे. बीजगणिताचा तपासलेला पेपर आदल्या दिवशी वर्गात वाटला होता आणि स्वारीने तो वह्यांच्या तळाशी दाबून ठेवला होता. सासऱ्यांना हवा तो पेपर मिळायचा, मला हवा तो मिळायला संध्याकाळ व्हायची.

नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये मी चोवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा जिने चढणं सोडलं आणि लॅपटॉपवर आले. आता माझे विद्यार्थी चीनमध्ये बसतात. सगळे मोठी माणसं, बहुतेक नोकरीवाली. मुलांना मी शिकवत नाही. 2021 साली चीनने शाळकरी मुलांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक नियम आणले, त्यात परदेशात बसलेल्या शिक्षकांनी मुलांना ऑनलाइन शिकवायलाही मनाई झाली. मोठ्यांचं तसं नाही. माझ्या ओळखीतल्या दोघी, एक ऐरोलीची आणि एक नेरूळची, हेच काम करतात. आमचा फोनवरचा विषय बहुतेक वेळा एकच असतो: अमुक शब्द तू कसा शिकवतेस गं? परवा नेरूळवालीने 'पेपर'बद्दल विचारलं, मी तासभर बोलले आणि ती म्हणाली, हे लिहून काढ. म्हणून हे.

आधी वेळेचं सांगते, कारण नव्या माणसाचा पहिला घोटाळा तिथेच होतो. चीन आपल्यापुढे अडीच तास. सगळ्या चीनला एकच घड्याळ, त्यामुळे विद्यार्थी शांघायचा असो की पार पश्चिमेकडचा, गणित तेच. आपले संध्याकाळचे सात म्हणजे त्यांचे साडेनऊ. आठनंतरचा तास घेऊच नका, समोरचा माणूस जांभया देत 'येस, येस' म्हणतो आणि त्याला काही कळलेलं नसतं.

आता पेपर. हा शब्द मी पहिल्या दोन आठवड्यांतच घेते. सगळ्यांना वाटतं सोपा आहे, आणि वाटतं तितका तो सोपा नाही, म्हणून. 'टेबल' शिकवलं तर टेबल शिकवून होतं. 'पेपर' शिकवताना इंग्रजी नामाचा अख्खा स्वभाव बाहेर पडतो: ते कधी मोजायचं, कधी नाही, 'अ' लावला की काय होतं, शेवटी 'स' लागला की काय होतं. चिनी भाषेत 'अ' आणि 'द' नाहीत, अनेकवचनासाठी नामाचं रूप बदलत नाही. मराठीतही 'अ', 'द' नाहीतच. म्हणजे ज्या खड्ड्यात ते पडतात त्यातून आपण एकदा वर आलेलो आहोत. इंग्रजीतच वाढलेल्या शिक्षकापेक्षा हा आपला एक फायदा, तो वापरा.

तासाच्या आधी टेबलावर सामान मांडून ठेवा. त्या दिवशीचं वर्तमानपत्र, एक कोरा कागद, टिश्यूचा रोल, मुलाची जुनी प्रश्नपत्रिका, गाडीच्या कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी, आणि स्टेपल केलेला कुठलातरी लेख. एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायची आणि विचारायचं, तुमच्या भाषेत हे काय? नुसतं नाव विचारू नका. 'एक' लावून विचारा. सगळी किल्ली त्या 'एक'मध्ये आहे.

चिनी भाषेत 'एक कागद', 'एक टेबल' असं थेट म्हणता येत नाही. आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये एक मोजशब्द घालावाच लागतो. आपल्याकडे थोड्याच ठिकाणी हे उरलंय: कागदाचा एक ताव, भाकरीची एक चवड, फुलांची एक जुडी. त्यांच्याकडे ते प्रत्येक नामाला आहे. कागदाला त्यांचा शब्द आहे तो मी 'जर्' असा लिहिते. 'ज' आणि 'र' जीभ मागे वळवून एकदम दाबल्यासारखा उच्चार आहे, ऐकूनच घ्या. एक कागद म्हणजे 'यी जांग जर्'. 'जांग' हा सपाट, पसरट वस्तूंचा मोजशब्द. तिकीट, फोटो, टेबल, पलंग, सगळ्यांना तो चालतो.

वर्तमानपत्र दाखवलं की तोच माणूस 'यी फन' म्हणेल, फन म्हणजे साधारण प्रत. प्रश्नपत्रिकेलाही बऱ्याचदा फन. अभ्यासपूर्ण लेखाला मात्र 'यी प्येन', कारण प्येन हा लिखाणाचा मोजशब्द आहे. टिश्यूच्या रोलला 'यी ज्वेन', गुंडाळीला. म्हणजे इंग्रजी ज्याला सरसकट पेपर म्हणतं, त्याचे वेगवेगळे कप्पे विद्यार्थ्याच्या डोक्यात आधीच आखलेले आहेत. आपण नवीन काही भरायचं नाही. फक्त कुठल्या कप्प्यावर इंग्रजी कुठली चिठ्ठी लावतं ते दाखवायचं.

हे मला सुचलं नव्हतं. यीवू नावाच्या गावातली एक बाई माझ्याकडे शिकते. यीवू म्हणजे बारीकसारीक वस्तूंची मोठी घाऊक बाजारपेठ, आपला जांभळी नाक्याचा बाजार शंभर पट करा. ती एका निर्यात कंपनीत खरेदी बघते आणि मला 'लाओशर्' म्हणते, म्हणजे बाई किंवा सर, शिक्षकाला हाक मारायचा त्यांचा शब्द. मी तिला पेपरचे अर्थ डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला चिनी असे लिहून दिले होते, सहा ओळी, स्वच्छ. पुढच्या तासाला तिला एकही धड आठवेना. मग तीच म्हणाली, लाओशर्, तुम्ही मला नावं विचारू नका, मोजायला सांगा. मी मोजायला सांगितलं. एकही चुकली नाही.

तर पहिला कप्पा, साधा कागद. इथे इंग्रजीत पेपर हा तांदळासारखा किंवा पाण्यासारखा आहे, तो मोजता येत नाही. 'गिव्ह मी अ पेपर' म्हटलं की इंग्रज माणूस वर्तमानपत्र शोधायला लागेल. कोरा कागद हवा तर 'अ पीस ऑफ पेपर' किंवा 'अ शीट ऑफ पेपर'. आपण मराठीत बिनधास्त 'एक कागद दे' म्हणतो, त्यामुळे आपल्या तोंडूनही 'अ पेपर' निसटतो. चिनी विद्यार्थ्याला हे समजवायला भाताची वाटी घ्या. 'यी वान फान', एक वाटी भात. इंग्रजीत 'अ बोल ऑफ राइस'. त्याच चालीवर 'यी जांग जर्', 'अ शीट ऑफ पेपर'. दोन्हीकडे आकडा, मोजशब्द, वस्तू. इंग्रजीत मध्ये फक्त एक 'ऑफ' जास्त. हे वहीत एकाखाली एक लिहिलं की विद्यार्थ्याचा चेहरा उजळतो, कारण आपली भाषा आणि इंग्रजी कुठेतरी सारखी निघाली याचं त्याला अप्रूप वाटतं.

'शीट'बद्दल सावध. त्यातला 'ई' लांब आहे आणि तो आखूड झाला की शिवी होते. आपल्याकडेही अर्ध्या ऑफिसांत एक्सेलचं जे काही होतं ते ऐकवत नाही. मी पहिले तीन-चार तास 'पीस'वरच काढते. उच्चार बसला की मग शीट.

गठ्ठ्यांची नावं विद्यार्थ्याच्या कामाप्रमाणे द्या. यीवूवालीला मी 'रीम' शिकवला, 500 कागदांचा, कारण तिला मालाच्या याद्या वाचाव्या लागतात. तिला मी आपला दस्ताही सांगितला, चोवीस तावांचा, लहानपणी वह्या शिवायला आणायचो तो. त्यावर तिने मला 'ताओ' सांगितला. शब्दाचा मूळ अर्थ सुरी. चित्रं आणि सुलेखन ज्यावर करतात तो श्वेन कागद सुरीवर मोजतात. एक सुरी म्हणजे शंभर ताव. त्या दिवशी धड्याचं वाटोळं झालं पण माझा तास मजेत गेला.

कागदाच्या जन्माची गोष्ट या टप्प्यावर जरूर काढा, विद्यार्थ्याला बोलतं करायला याहून चांगला विषय नाही. हान राजवटीच्या दरबारातल्या त्साय लुनने सन 105 मध्ये झाडाची साल, अंबाडीसारखे धागे, चिंध्या आणि जुनी मासेमारीची जाळी यांपासून कागद करण्याची रीत बादशहापुढे ठेवली, हे तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतं. त्याहून जुने कागदाचे तुकडेही उत्खननात सापडलेत, हे थोडे वाचणारे सांगतात. गंमत पुढे आहे. कागद चीनचा, पण इंग्रजी 'पेपर' हा शब्द आला इजिप्तच्या पपायरस नावाच्या पाणवनस्पतीवरून, जिच्यापासून मुळात आज ज्याला कागद म्हणतो तो होतच नाही. आणि आपला 'कागद' फारसीतून आलेला. माल एकाचा, पाटी दुसऱ्याची. छंगदूच्या एका विद्यार्थ्याला हे सांगितलं तर तो चांगलाच दुखावला. मग त्याने मला ऐकवलं की कागदी चलनाची सुरुवातसुद्धा त्याच्याच गावची, अकराव्या शतकातल्या सोंग राजवटीतली. ते खरंच आहे.

त्याच बोलण्यातून एक खाच कळली. 'पेपर मनी' म्हणजे इंग्रजीत नोटा. पण एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या सणाला चिनी लोक पूर्वजांच्या थडग्यांपाशी जाऊन कागदी पैसे जाळतात, आपल्या पितरांच्या पानासारखंच ते, पोचवायचं म्हणून. छंगदूवाल्याने मला सरळ सांगितलं की आम्ही घरचे सगळे मिळून 'पेपर मनी' जाळून आलो. क्षणभर मला वाटलं माणूस चांगलाच श्रीमंत दिसतोय. त्या जाळायच्या कागदाला इंग्रजीत 'जॉस पेपर' म्हणतात. हा शब्द मार्चअखेरीस शिकवून ठेवा, एप्रिलमध्ये लागतोच.

दुसरा कप्पा वर्तमानपत्र. चिनीत 'बाओजर्', त्यात शेवटी कागद आहेच, त्यामुळे अर्थ पटकन कळतो. 'अ पेपर', 'द पेपर', 'टुडेज पेपर', 'द संडे पेपर्स', इथे बिनधास्त मोजा. चूक होते ती नंतरच्या बारक्या शब्दात. चिनीत बातमी वर्तमानपत्रा'वर' असते, म्हणून ते 'ऑन द पेपर' म्हणतात. इंग्रजीत 'इन द पेपर'. इथे आपली मराठी अगदी इंग्रजीसारखी चालते: बातमी पेपरात येते, आणि योजना कागदावर राहते. 'पेपरात' म्हणजे 'इन द पेपर', 'कागदावर' म्हणजे 'ऑन पेपर'. या दोन मराठी प्रत्ययांवर मी माझ्या डोक्यात अख्खा नियम टांगून ठेवलाय, आणि शिकवताना चुकायला लागले की मनात मराठी वाक्य म्हणून बघते.

विद्यार्थ्याला हे असं सांगते: वाचण्यासाठी पानं उलटायची असतील तर 'इन'. नुसतं लिहिलेलं आहे, प्रत्यक्षात आहे की नाही देव जाणे, असं असेल तर 'ऑन', आणि मधला 'द' काढून टाक. 'ऑन पेपर ही इज अ जनरल'. याला त्यांच्याकडे एक म्हणच आहे, कागदावर लढाई बोलणे. जाओ राज्याचा सेनापती जाओ क्वो युद्धशास्त्र तोंडपाठ म्हणायचा, इ. स. पूर्व 260 मध्ये छांगपिंगच्या लढाईत छिन राज्याच्या सैन्याने त्याच्या फौजेचा धुव्वा उडवला, तोही मेला. आपले कागदी घोडे त्याच तबेल्यातले. मी घोड्यांबद्दल सांगितलं तर छंगदूवाला लगेच वहीत घोडा काढायला लागला.

आता तिसरा कप्पा, परीक्षा. हा नीट वाचा, कारण इथे मी स्वतः आपटले.

आपण मराठीत परीक्षा 'देतो'. पेपर 'देतो'. दिला का पेपर? कसा गेला? आणि आपल्या इंग्रजीतही तेच: 'आय गेव्ह माय पेपर'. भारतभर सगळ्यांना कळतं, कुणी हसत नाही. मी चोवीस वर्षं दहावीच्या मुलांना 'हॅव यू गिव्हन युवर पेपर?' असं विचारत आले. तेच तोंडातून वुहानच्या एका मुलाशी बोलताना गेलं, आणि त्याने ते वहीत उतरवून घेतलं. तो पीएचडी करायच्या तयारीत होता. पुढच्या महिन्यात त्याने युरोपातल्या एका प्राध्यापकाला अर्ज लिहिला. त्यात वाक्य होतं, गेल्या वर्षी मी तीन पेपर 'गिव्ह' केले. त्याच्या मनात प्रवेश परीक्षांचे तीन पेपर. प्राध्यापकांचं उत्तर दोन दिवसांत आलं, भारी खूश होऊन: तीन परिषदांमध्ये शोधनिबंध वाचलेत? कृपया शीर्षकं पाठवा.

कारण बाहेरच्या इंग्रजीत 'गिव्ह अ पेपर' म्हणजे परिषदेत उभं राहून शोधनिबंध सादर करणे.

मुलाने मला उत्तराचा फोटो पाठवला आणि खाली एकच शब्द, 'लाओशर्?' मी पावणेदहाला रात्री त्याच्याबरोबर माफीचं पत्र लिहायला बसले. तिकडे सव्वाबारा वाजले होते. प्राध्यापक भले निघाले, त्यांनी हसून सोडून दिलं, पण मी काही दिवस आरशात बघताना स्वतःला 'लाओशर्?' म्हणत होते. विद्यार्थ्याची चूक असती तर इंग्रजी कच्चं म्हटलं असतं. चूक माझ्या मराठीची होती, आणि ती मला चोवीस वर्षांत कुणी दाखवलीच नव्हती.

म्हणून हा कप्पा शिकवायच्या आदल्या दिवशी आपली स्वतःची वाक्यं तपासा. परीक्षा विद्यार्थी 'टेक' करतो, ब्रिटनमध्ये 'सिट'ही म्हणतात. 'गिव्ह' करतो तो शिक्षक. पेपर अवघड गेला हे 'द पेपर वॉज हार्ड'. त्यात जाण्यायेण्याचं क्रियापद नको. पेपर फुटला म्हणजे 'लीक्ड', काही नेरूळ-पनवेलच्या मुलांसारखं 'पेपर इज आउट' नको. आपण पेपर 'चेक' करतो, ब्रिटिश 'मार्क' करतात, अमेरिकन 'ग्रेड' करतात. आणि घंटा झाल्यावर पेपर 'हँड इन' करायचा. याला चिनीत नेमका जोड शब्द आहे, त्यामुळे हे ते एका फटक्यात उचलतात. चिनी विद्यार्थ्यांना परीक्षांचं शब्दभांडार आवडतं, त्यांचं अर्धं तारुण्य त्यात गेलेलं असतं. जूनमध्ये होणारी त्यांची काओखाओ, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा, ज्यात इंग्रजीला बहुतेक ठिकाणी 150 गुण असतात, आणि कॉलेजमधली इंग्रजीची चौथ्या पातळीची परीक्षा, जिचे एकूण गुण 710. असा आकडा कुणी आणि का ठरवला हे मी विचारलं तेव्हा एकालाही सांगता आलं नाही, पण स्वतःचे गुण मात्र सगळ्यांना पाठ.

चौथा कप्पा वुहानवाल्यामुळेच मोठा झाला. चिनीत 'लुनवन' हा एकच शब्द शोधनिबंधालाही आणि पदवीच्या प्रबंधालाही. शब्दकोशात पहिला अर्थ 'थीसिस' दिसतो, म्हणून ते सगळ्याच लिखाणाला 'थीसिस' म्हणून मोकळे होतात. 'आय पब्लिश्ड टू थीसिस' असं ऐकलंत तर गांगरू नका, माणसाने दोन पीएचडी केलेल्या नाहीत, नियतकालिकात दोन लेख आलेत. त्याला सांगा: नियतकालिकात किंवा परिषदेत गेला तो पेपर, पदवीसाठी बांधून दिला तो थीसिस. अमेरिकेत तर कॉलेजातल्या साध्या लेखी गृहपाठालाही 'पेपर' म्हणतात, 'टर्म पेपर'. मोजशब्द मात्र सगळ्यांना प्येन. तेवढ्याने काम भागतं.

पाचवा, कागदपत्रं, हा एका वाक्यात संपतो. शेवटी 'स' लावा, 'पेपर्स', आणि गाडीच्या पिशवीतून एकेक कागद बाहेर काढून दाखवा. तीन हात नाक्यावर हवालदार 'पेपर दाखवा' म्हणतो तेव्हा त्याला सकाळचं वर्तमानपत्र नको असतं, हे सांगितलं की झालं. फक्त 'पुट इन माय पेपर्स' म्हणजे राजीनामा देणे हा आपल्याकडे ऑफिसात सर्रास चालणारा प्रयोग परदेशी माणसाला लगेच उमगेलच असं नाही, तो चिनी विद्यार्थ्याला देऊ नका. 'रिझाइन' पुरे.

जोडशब्दांवर फार वेळ घालवू नका. टॉयलेट पेपर, रॅपिंग पेपर, ग्राफ पेपर, वॉलपेपर, सुताराचा सँडपेपर, चिनीतही बहुतेकांच्या शेवटी तोच 'जर्' येतो, शब्दाला शब्द बसतो. अपवाद एकच सांगण्यासारखा. सरकारच्या श्वेतपत्रिकेला इंग्रजीत 'व्हाइट पेपर', चिनीत मात्र पांढऱ्या वेष्टनाचं पुस्तक. आपण 'पत्रिका' म्हणतो, ते 'पुस्तक' म्हणतात, मजकूर सगळीकडे सारखाच कंटाळवाणा.

'पेपर टायगर' मात्र घ्याच. इंग्रजीतला हा वाक्प्रचार चिनीतून शब्दशः गेलेला, 'जर् लाओहू'. माओने 1946 मध्ये अमेरिकन पत्रकार अ‍ॅना लुईस स्ट्राँगला दिलेल्या मुलाखतीत अणुबॉम्ब कागदी वाघ आहे म्हटलं आणि शब्द जगभर गेला. आपल्याकडेही कागदी वाघ आहेच. राजकारणात शिरू नका. शब्द शिकवा, पुढे चला. विद्यार्थी कुठल्या विषयावर गप्प बसतो ते दोन तासांत कळतं, तिथे आपणही गप्प बसावं.

म्हणींचं एक दुकान इथेच लागतं. त्यांची एक म्हण, कागदात विस्तव गुंडाळता येत नाही. मी विद्यार्थ्यांना सांगते की इंग्रजीत शब्दशः असं म्हणाल तर समोरचा फक्त मान हलवेल. 'द ट्रुथ विल कम आउट' म्हणा. मनातल्या मनात मी कोंबडं झाकते आणि उजाडायची वाट बघते.

सराव कसा द्यायचा? मी भाषांतर देत नाही. पाच वाक्यं देते, प्रत्येकात 'पेपर', आणि विद्यार्थ्याने प्रत्येकाखाली चिनी मोजशब्द लिहायचा. 'आय स्पिल्ड टी ऑन द पेपर' यावर कधी फन येतं, कधी जांग, कधी फन खोडून प्येन. तिन्ही बरोबर असू शकतात. मग तो स्वतःच विचारतो, कुठला कागद? आणि तोच प्रश्न इंग्रज माणसालाही पडला असता, हे मी सांगते. वर्तमानपत्र पडलं असेल तर चहा गेला एवढंच. परीक्षेचा पेपर असेल तर घर पेटतं. वुहानवाल्याने एकदा उलट केलं, पाचही वाक्यांत एकाच घरातली एक सकाळ बसवली: वडील पेपर वाचतायत, मुलगी पेपर द्यायला, म्हणजे 'टेक' करायला, निघालीय, आई पेपर शोधतेय कारण हवालदार भेटेल, आणि आजोबा टिश्यूसाठी हाक मारतायत. मला तर आमचं पाचपाखाडीचं घरच दिसलं.

सुरुवात कशाने करायची हे शेवटी सांगते, कारण हे करून बघितल्यावरच पटतं. तासाच्या पहिल्याच मिनिटाला कॅमेऱ्यासमोर मूठ धरा आणि 'स्टोन, पेपर, सिझर्स' खेळा. तिकडेही हा खेळ आहे, मूठ, पंजा, दोन बोटं, सगळं तेच. पण पंजा उघडला की ते 'पू' म्हणतात. पू म्हणजे कापड. दगडाला गुंडाळायला त्यांना कागद नाही, कापड लागतं. कागद शोधलेल्या देशात तो खेळात नाही, हे त्यांनाच सांगितलं की ते थबकतात, हसतात, आणि शब्द पहिल्या मिनिटाला जिवंत होतो.

गेल्या शुक्रवारी तास संपल्यावर यीवूवालीने विचारलं, आज जेवणात काय? मी म्हटलं, घरात गॅस संपलाय, कोपऱ्यावरच्या उडप्याकडे जाऊन पेपर डोसा खाणार. 'पेपर डोसा?' तिच्या भुवया वर. मी दोन्ही हात लांब करून दाखवला, एवढा, पातळ, कुरकुरीत. ती दहा सेकंद गप्प. मग म्हणाली, फन नाही, प्येन तर नाहीच. त्यांच्याकडे पोळीसारख्या पसरट खाद्यालाही सपाट वस्तूचाच मोजशब्द लागतो. तिने ठरवून टाकलं: 'यी जांग.'

मी उडप्याकडे गेले आणि दोन जांग खाल्ले.